भावांचे भांडण आणि तिसऱ्याची तलवार



सूरह अल्-हुजुरातच्या नवव्या आयतीत अल्लाहची आज्ञा आहे, की श्रद्धावंतांचे दोन गट आपसांत लढू लागले तर त्यांच्यात समेट घडवा, आणि तो न्यायाने घडवा. न्यायाची ही अट का, हे विदर्भाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

नागपूर वसविणाऱ्या बख्त बुलंद शाहच्या गोंड घराण्याने इस्लाम स्वीकारला होता. त्याचा पुत्र चांद सुलतान वारल्यावर वली शाहने गादी बळकावली. तेव्हा विधवा राणीने वऱ्हाडातून सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांना मदतीस बोलाविले. रघुजी कसलेले सेनानी होते. स्वतःचे चुलते कान्होजी यांना त्यांनी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळील मंदर येथे कैद केले होते. त्यांनी वली शाहचा पाडाव केला, अकबर शाह व बुऱ्हाण शाह या राजपुत्रांना गादीवर बसविले आणि मोबदला घेऊन ते परतले. इथवर तो शिपाईगिरीचा मेहनताना होता.

पुढे भावाभावांत वितुष्ट आले. 1743 मध्ये बुऱ्हाण शाहने रघुजींना पुन्हा पाचारण केले. अकबर शाहला देशोधडीला लागावे लागले. या वेळी मात्र रघुजी परतले नाहीत. नागपूर हीच त्यांची राजधानी झाली. ‘जिंकलेल्या’ बुऱ्हाण शाहच्या हाती राजा ही पदवी आणि तनखा एवढेच उरले.

रघुजींनी त्या काळच्या सरदारांची रीतच पाळली. आपण विचार करायचा तो भावाचा. किल्ल्याची किल्ली त्यानेच दिली होती.

आज आपल्याकडे राज्ये नाहीत, पण धुऱ्याचा वाद आहे, वडिलोपार्जित घराची वाटणी आहे. एक भाऊ तिसऱ्याला बोलावतो. त्याचा डोळा त्याच शेतावर असतो. म्हणून मध्यस्थ निवडताना एकच प्रश्न विचारा: आम्ही आज एक झालो, तर याचे काही नुकसान होईल काय? होणार असेल, तर त्याला उंबरठ्यावरूनच निरोप द्या.

आणि तो तिसरा तुम्ही असाल, तर रिकाम्या हाती परत या. लोकांतील संबंध सुधारणे हे नफिल रोजा, नमाज व सदक्याहूनही श्रेष्ठ आहे, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीचा आशय आहे. ज्याचे मोल अल्लाहपाशी एवढे मोठे, त्याची किंमत शेताच्या तुकड्यात वसूल करणे हा घाट्याचाच सौदा होय.

भावाकडे आधी स्वतः चालत जाण्याची तौफीक अल्लाह आपणां सर्वांना देवो. आमीन.