भाता कुणी मारायचा?

पेटी वाजवायला दोन हात लागतात हे आपण गृहीतच धरलेले असते: उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. ज्या मुलाचा डावा हात सेरेब्रल पाल्सीमुळे उघडत नाही, त्याला मग पेटी जमायची नाही असे ठरून जाते, आणि ते फार गोड शब्दांत सांगितले जाते. गंमत अशी की पेटी जन्मली तेव्हा तिच्या भात्याला हात लावायचाच नव्हता. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर देबॅ यांनी ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले, ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता चालवून वाजवायची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हातभात्याचे रूप दिले, आणि मांडी घालून बसणाऱ्या समाजाची सोय झाली. आपल्या संगीत नाटकांत मात्र ऑर्गन आणि पायपेटी पुढेही वाजत राहिल्या. म्हणजे भाता हाताने मारायचा की पायाने, हा प्रश्न संगीताने कधीच कायमचा सोडवलेला नाही. तो बसण्याच्या सवयीने सोडवला. मग एका मुलासाठी तो पुन्हा उघडला, भाता पायाला दिला किंवा शेजारी बसलेल्या भावंडाच्या हाती दिला, तर बिघडले काय?

मुद्दा पेटीपुरता नाही. युरोपात हनुवटीखाली धरले जाणारे व्हायोलिन आपल्याकडे आले तेव्हा वादक जमिनीवर बसला आणि वाद्याचे टोक पायाशी टेकवले. डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा झाला आणि मींड सोपी झाली. पन्नालाल घोषांना रागसंगीतासाठी लहान बासरी पुरेना, तेव्हा त्यांनी लांब बासरी घडवली आणि तिला जादा छिद्र पाडले. तंबोरा तर स्त्रीच्या आवाजासाठी वेगळा आणि पुरुषाच्या आवाजासाठी वेगळा बनतोच. वाद्य आणि शरीर यांच्यात अशी देवघेव सतत चाललेली असते. बहुसंख्यांच्या शरीरासाठी केलेल्या बदलाला आपण परंपरा म्हणतो आणि एकट्या मुलासाठी केलेल्या बदलाला सवलत. माझा आक्षेप या दुहेरी मापाला आहे. दिव्यांग मुलाला वाद्य शिकवताना आधी वाद्य, बैठक आणि शिकवण्याची रीत बदलून पाहावी. मुलाच्या मर्यादेविषयी निकाल त्यानंतर द्यावा.

यावर घराण्यात शिकलेले गुरुजी म्हणतील, हाताला वळण नको का? चुकीचे बोट एकदा बसले की जन्मभर निघत नाही. आक्षेप खरा आहे आणि अनुभवातून आलेला आहे. पण वळण म्हणजे काय? कमीत कमी श्रमात, पुन्हा पुन्हा तोच स्वच्छ नाद काढण्याची रीत. ती रीत पाच सुट्या बोटांच्या हातासाठी एक असते आणि दोन बोटांच्या हातासाठी दुसरी; शिस्त दोन्हीकडे लागते, उलट दुसरीकडे जास्तच. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे 1928 च्या आगीत जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने गिटारच्या सुरावटी नव्याने बसवल्या आणि पुढे धडधाकट वादक त्यांची नक्कल करू लागले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विटगेनस्टाइनसाठी संगीतकार रावेलने केवळ डाव्या हाताचा पियानो कॉन्चेर्तो लिहिला. आज तो दोन हातांचे पियानोवादकही वाजवतात. ही मोठ्या कलावंतांची उदाहरणे आहेत आणि प्रत्येक मूल तिथे पोचेल असे मी सुचवत नाही, बहुतेक धडधाकट मुलेही पोचत नाहीत. त्यांतून एवढेच दिसते की वेगळे वळण हेही वळणच असते.

दुसरी अडचण प्रेमातून येते. मूल दिव्यांग असले की वाद्य हे औषध होऊन बसते: एकाग्रता वाढेल, बोटे सुटतील, बोलायला लागेल. अशा अपेक्षांबाबत पुरावा काय म्हणतो ते पाहावे. स्वमग्न मुलांसाठीच्या उत्स्फूर्त संगीतोपचारावर 9 देशांत, 4 ते 7 वर्षांच्या 364 मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नेहमीच्या मदतीला संगीतोपचाराची जोड दिल्यावर लक्षणांच्या तीव्रतेत पाच महिन्यांनी लक्षणीय फरक दिसला नाही. काहींना हा संगीताचा पराभव वाटेल. मला तो सुटकेचा निरोप वाटतो. शेजारच्या मुलाला तबल्याला घालताना गणिताचे गुण वाढल्याचा पुरावा कुणी मागत नाही. त्याला तबला आवडतो एवढे पुरते. तेवढेच कारण या मुलालाही पुरावे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने 2007 साली मान्यता दिली, त्याचे तिसावे कलम अपंग व्यक्तींच्या कलागुणांना वाव देण्याविषयी बोलते, आणि तो वाव केवळ त्यांच्या भल्यासाठी नसून समाजाच्या समृद्धीसाठीही आहे असे स्पष्ट करते. उपचार म्हणून शिकवले की शिक्षक सूर चुकला तरी ‘छान’ म्हणतो. संगीत म्हणून शिकवले की तो थांबवतो, ‘पुन्हा’ म्हणतो. मुलाचा मान त्या ‘पुन्हा’त आहे.

याच्या उलट टोकाला दैवी देणगीची समजूत आहे. अंध मुलाला गळा आणि कान देवच देतो, म्हणून त्याला पेटीपुढे बसवायचे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला मात्र टाळ्याही द्यायच्या नाहीत. (‘दिव्यांग’ या शब्दाने ही समजूत थोडी पक्कीच केली, असे मला वाटते.) विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी लहानपणी फटाक्यामुळे अधू झाली हे आपण सांगतो, पण त्यांना घडवले ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे केलेल्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीने. दोन्ही समजुतींत चूक एकच आहे: मुलाऐवजी निदान वाचले जाते. 40 टक्के अपंगत्वाचा दाखला सवलतीसाठी लागतो, तबल्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे कळायला हवे ते असे की तर्जनी स्वतंत्र उचलते का, मनगट वळते का, पाठीला आधार नसताना मूल किती मिनिटे बसते, कुठल्या आवाजाने दचकते.

एवढे कळले की वाटा दिसू लागतात. मांडी घालता येत नसेल तर तबला-डग्गा चाकाच्या खुर्चीच्या उंचीवर स्टँडला लावता येतो. ‘धा’ हा बोल दोन्ही हातांचा आहे, पण एका मुलाने डग्ग्यावर ‘घे’ आणि दुसऱ्याने तबल्यावर ‘ना’ एकाच क्षणी वाजवला तर ठेका दोघांचा होतो, आणि दोघांनाही एकमेकांचे ऐकावे लागते. कॉक्लियर इम्प्लांट बसवलेल्या मुलाला स्वरांच्या उंचीतला फरक पुसट कळतो, लय मात्र चांगली कळते. त्याची सुरुवात व्हायोलिनपेक्षा ढोलकीने झालेली बरी. आंधळ्या मुलाला पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांचे दोन-तीन, दोन-तीन असे झुबके बोटाला वाट दाखवतात. आणि वाचता न येणाऱ्या मुलासाठी आपल्या परंपरेत केव्हापासून तयार असलेली सोय म्हणजे पढंत: हात लावण्याआधी तोंडाने बोल म्हणणे. तीनतालाच्या सोळा मात्रा ओठांवर पक्क्या झाल्या की निम्मे शिक्षण झाले. मात्र शिक्षकाने मुलाचा हात धरून वाजवून घेण्याआधी विचारावे. काहींना परका स्पर्श चटका बसल्यासारखा वाटतो.

राहतो वेळेचा प्रश्न. वीस मुलांच्या वर्गात एकासाठी हे सगळे कोण करणार? शिक्षकावर सगळे ढकलणे अन्यायाचेच आहे, आणि प्रत्येक शिक्षकाला हे जमेल असेही नाही. पण बहुतेक बदल एकदाच करायचे असतात: बैठक एकदा ठरते, स्टँड एकदा बनतो, भाता मारणारा एकदा नेमला जातो. त्यात फिजिओथेरपिस्टची एक भेट मोलाची ठरते. रोजचा बदल फक्त रियाजाच्या लांबीचा: सलग तासाऐवजी दहा-दहा मिनिटांचे तुकडे. परीक्षकांनीही आपण काय तपासतो ते आधी लिहून ठेवावे. सूर, लय आणि रागाची समज तपासायची असेल तर भाता कुणी मारला याला गुण कशाला? लेखी पेपराला लेखनिक चालतो, तसा क्रियात्मकला भात्याचा साथीदार चालायला हवा.

आणि पालकांनी बाजारातून तयार वाद्य घेण्याआधी मुलाला घेऊन कारागिराकडे जावे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. डावखुऱ्यासाठी उलटी सतार, लहान मुलासाठी छोटा तंबोरा ही मागणी या धंद्याला नवी नाही. आपल्या मुलाचे माप कारागिरापुढे ठेवावे.