बान्याची हाक, देवाची मर्जी

१९९८ मध्ये आलेल्या ‘झेल्डा: ओकॅरिना ऑफ टाइम’ या खेळात नायक एक सूर वाजवतो आणि अंगावर येणारी प्रेते जागीच थिजतात. सूर चुकला नाही की हुकूम पाळला जाणारच.

सुरांनी हाक देणारे वाद्य खऱ्या जगातही आहे. पांढुर्णा-सौसर भागातून सातपुडा चढत गोंडांच्या मुलखात गेले, की परधानांचा ‘बाना’ भेटतो: घोड्याच्या केसांच्या तारा, गजाने वाजवायचे वाद्य. कथा अशी, की गोंड भावांवर रुसलेला त्यांचा देव बडादेव साजाच्या झाडात शिरला. धाकट्याने बाना घडवून वाजवला, तेव्हा देव प्रसन्न झाला. त्या धाकट्याचेच वंशज परधान. यजमान गोंडांच्या दारी जाऊन देव जागवणे, पूर्वजांच्या कथा गाणे हे त्यांचे काम. शामराव हिवाळे या मराठी माणसाने १९४६ मध्ये परधानांवर अख्खे पुस्तक लिहिले.

प्रश्न सत्तेचा आहे. देव सुरांनी येतोच, तर वाजवणारा त्याचा मालक ठरत नाही का? पण कथेतला देव आधी रुसतो, आणि रुसू शकणारा कुणाच्या हुकमातला नसतो. खेळातल्या प्रेतांना ही सोय नाही, बिचारी!

जनगढ सिंह श्याम हा परधान तरुण १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात पोचला आणि हेच देव रंगांत उतरवू लागला. मग ती चित्रे टांगली गेली दूरच्या दालनांत. तिथे ना यजमान, ना साजाचे झाड. बडादेवाला तिथे कोण बोलावते?