पंचेचाळीस आणि चोपन्न

‘पंचेचाळीस’ असं सांगितलं की तिसरीच्या वर्गातली चार-पाच मुलं दरवर्षी ५४ लिहायची. त्यांच्या वहीवर मी कितीतरी वर्षं लाल फुली मारली आणि खाली पाच वेळा लिहून आणायला सांगितलं. मुलं लिहूनही आणायची. आठवड्यानं पुन्हा तेच. माण तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत बसायची. तिसरी-चौथीचे सगळे विषय माझ्याकडेच होते. त्यामुळे गणिताच्या वह्या आणि मराठीच्या वह्या एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी तपासायला यायच्या. ५४ लिहिणारी मुलगीच ‘सूर्य’ लिहिताना रफार भलत्याच अक्षरावर टाकते, हे मला त्या दोन गठ्ठ्यांनी दाखवून दिलं. शाळा मोठी असती आणि मराठीच्या बाई वेगळ्या असत्या, तर कदाचित ते मला कधीच दिसलं नसतं.

आता तिच्या बाजूनं बघा. पंचेचाळीस म्हणताना कानावर आधी पाच पडतो, चाळीस नंतर. लिहिताना मात्र चार आधी. तिनं ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. सूर्य म्हणताना र आधी येतो, य नंतर. कागदावर तोच र य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘कि’ म्हणताना क आधी ऐकू येतो, पण पहिली वेलांटी क च्या अलीकडे काढायची. कानाचा क्रम वेगळा आणि कागदाचा क्रम वेगळा, ही एकच अडचण तिला सकाळच्या तासाला भाषेत भेटत होती आणि दुपारच्या तासाला गणितात. आम्ही प्रगतिपुस्तकात तिच्या दोन नोंदी केल्या होत्या: शुद्धलेखन कच्चं, संख्याज्ञान कच्चं. अडचण एक आणि शिक्के दोन. असे शिक्के मी किती मुलांवर मारले असतील, याचा विचार आजही मनातून जात नाही.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ अशीही वाचनाची रीत दिली होती. त्यावर केवढा गदारोळ झाला! विषय विधानसभेपर्यंत गेला, मराठी बुडाली म्हणून लोक हळहळले. ती रीत सुचवणाऱ्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. संख्येच्या नावातली जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना अडतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि वर्गात उभ्या राहणाऱ्या कुणालाही ते पटावं असंच होतं. इंग्रजीच्या तासाला तेच मूल ‘फोर्टी फाइव्ह’ लिहिण्याच्या क्रमानं म्हणतं आणि बिनचूक लिहितं. शेजारची कन्नडही चाळीस आधी म्हणते, पाच नंतर. मला मात्र पंचेचाळीस टाकून द्यायचं नाही. ‘एकोणतीस’ या एका शब्दात तिसाला एक उणा असल्याचं गणित दडलेलं आहे, आणि ते एकदा उलगडलं की मुलांचे डोळे चमकतात. चाळीस पाच ही शिडी आहे. वर चढेपर्यंत ती लावून ठेवली तर माडीचं काही बिघडत नाही.

पुढे मी दोन्ही तास जोडून घेऊ लागले. फळ्यावर एका बाजूला ४५ आणि ५४, दुसऱ्या बाजूला ‘क्रम’ आणि ‘कर्म’. अंक तेच, अक्षरंही तीच, क, र आणि म. मग बदललं काय? मुलं थोडा वेळ बघत बसायची. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणायचं, ‘‘बाई, जागा.’’ स्थानिक किंमत हा शब्द पुस्तकात छापलेला असतोच, पण ‘जागा’ हा शब्द त्यांनी शोधलेला होता. वर्षभर मग तोच शब्द आम्हाला पुरला. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले तेव्हा, आणि बेरजेतला हातचा शेजारच्या घरात गेला तेव्हाही.

परिसर अभ्यासाचं तिसरीचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं असतं. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. आमच्या मुलांच्या हातात सातारा जिल्हा होता. पण नकाशा भिंतीवर टांगलेला असला की मुलांना उत्तर दिशा छताकडे वाटते. ‘उत्तर कुठं?’ विचारलं की बोट सरळ वर. दोष मुलांचा नाही, खिळ्याचा आहे. एके दिवशी नकाशा काढला, फरशीवर अंथरला आणि सूर्य बघून तो फिरवला, महाबळेश्वरची बाजू खरोखरच्या मावळतीकडे येईपर्यंत. मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसली. कागदाची दिशा आणि गावाची दिशा जुळल्यावर एका मुलीनं खिडकीतून डोंगराकडे पाहिलं आणि परत नकाशाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुठल्याच मूल्यमापनाच्या तक्त्यात मावणारं नव्हतं.

पावसाळ्यात आम्ही बाटली कापून पर्जन्यमापक केला होता. रोज सकाळी एक मूल पट्टीनं पाणी मोजायचं, बरेचदा मोजायला काही नसायचंच. पेपरात महाबळेश्वरचे आकडे यायचे, ते मुलं शेजारच्या रकान्यात लिहायची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माणमध्ये पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच आहे आणि वाराही एकाच समुद्रावरून येतो. ढग सह्याद्री चढताना पश्चिमेलाच बहुतेक रिकामे होतात आणि आम्ही पडतो पर्जन्यछायेत. ‘‘पाऊस तिकडंच का पडतो, बाई?’’ हा प्रश्न आमच्या मुलांसाठी पुस्तकी नसतो, तो त्यांच्या घरच्या हांड्यांचा प्रश्न असतो. एके दिवशी ५००० आणि ५०० फळ्यावर एकाखाली एक लिहिले. पाच एक घर उजवीकडे सरकला की दहा पटींनी कमी होतो, हे गणितात झालंच होतं. चौथीतला एक मुलगा हळूच म्हणाला, ‘‘आपणपण उजवीकडंच हाय.’’ नकाशावर माण उजवीकडे आहे. गणिताची आणि पावसाची रीत एकच नाही, हे मी मुलांना सांगितलं, सांगायलाच हवं होतं. पण त्या मुलानं दोन विषयांच्या मधली भिंत स्वतःच्या हातानं ओलांडली होती, आणि ती भिंत मला परत बांधायची नव्हती.

काळाचीही तीच गोष्ट. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो आणि तिसरीची मुलं त्याच खोलीत कान टवकारून तो ऐकत असतात. ‘‘तवा माझी आजी ल्हान व्हती का?’’ असं एकीनं विचारलं. तिच्या मनात ‘पूर्वी’ नावाची एकच खोली होती. आजी, महाराज आणि रामराया तिथं एकत्र राहत होते. आम्ही सुतळी घेतली. दहा वर्षांना मुलीची एक वीत, असं ठरलं. राज्याभिषेक १६७४ चा, आणि वर्ष चालू होतं २०२४. आजी सत्तरीची, म्हणून सात विती मोजून गाठ मारली. मग महाराजांकडे निघालो. सुतळीला वर्ग पुरेना. दारातून बाहेर गेली, व्हरांडा ओलांडून पायरीपर्यंत पोचली तेव्हा कुठं पस्तीस विती भरल्या. ती मुलगी पायरीवर उभी राहून आजीच्या गाठीकडे बराच वेळ बघत होती.

वर्षाच्या शेवटी पालक विचारतात, पुस्तक संपलं का. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, त्यांनी शाळेला हाच प्रश्न विचारायचा असतो असं आम्हीच त्यांना शिकवलं आहे. आता तिसरीच्या मुलांना गणिताची वेगळी आणि इंग्रजीची वेगळी शिकवणी लावणारी घरं तालुक्याच्या गावातही वाढली आहेत. दोन ठिकाणी दोन माणसं एकाच मुलाचा एकेक तुकडा बघतात. या वयात ते घातक आहे असं मला वाटतं. कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली तेव्हा शाळा मुलांमागं कुरणात गेली. तिथं मोजणं, नाव देणं, गोष्ट सांगणं हे वेगळे तास करून चाललं नसतं. दोनशिक्षकी शाळेची दया करणारे पुष्कळ भेटतात, आणि तिथल्या अडचणी मी भोगल्या आहेत. एका गटाला सांगत असताना दुसरा नुसता बसून राहतो. पण अख्खं मूल बघायला मिळणं ही त्या शाळेची श्रीमंती होती.

आमच्याकडची काही मेंढपाळ कुटुंबं दिवाळीनंतर कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यातला एक मुलगा माझ्या हजेरीवर अर्धं वर्ष गैरहजर असायचा. जूनमध्ये तो आला तेव्हा नकाशा फरशीवरच होता. त्याला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं आमच्या गावावर बोट ठेवलं आणि मावळतीकडे नेत गेला. इथं मुक्काम, इथं नदी, इथं कोकराला लांडग्यानं धरलं, इथं घाट. सह्याद्रीच्या रेघेशी जिल्हा संपला, कागदही संपला. त्याचं बोट थांबलं नाही. ते कागदावरून फरशीवर उतरलं, एक वीतभर पुढे गेलं आणि एका जागी टेकलं.

‘‘आमचा वाडा हितं व्हता,’’ तो म्हणाला.