पोटदुखीचे निमित्त

8 जुलै 1971 रोजी अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीहून इस्लामाबादला पोचले आणि त्यांचे पोट बिघडल्याचे जाहीर झाले. विश्रांतीसाठी ते नथियागलीला गेल्याची बातमी पेरली गेली. लोकांनी बघावा म्हणून गाड्यांचा एक ताफाही डोंगराकडे धाडला. इकडे पाहुणे पहाटे चकलाला विमानतळावरून पीआयएच्या बोइंगमध्ये बसून गुपचूप चीनच्या, पेकिंगच्या वाटेला लागले होते. घाईत जादाचे शर्ट मागेच राहिले. एका सहा फुटी सहकाऱ्याचे शर्ट उसने घ्यावे लागले, आणि ते निघाले तैवानमध्ये शिवलेले!

ही गंमत खूपदा सांगितली जाते. पाकिस्तानचे अध्यक्ष याह्या खान यांनी अमेरिका आणि चीन यांच्यात निरोप्याचे काम चोख केले, हेही खरे. अशा कामात गुप्तता लागतेच. 15 जुलैला निक्सन यांनी आपण चीनला भेट देणार असल्याचे दूरचित्रवाणीवर वाचलेले निवेदन जेमतेम काही मिनिटांचे होते. पण त्याचा शब्द न् शब्द पेकिंगमध्ये घासून घेतलेला. भेटीची इच्छा आधी कोणाला झाली, यावरच किती खल! शेवटी निक्सन यांची इच्छा ‘समजल्यावरून’ चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी निमंत्रण दिले, अशी दोघांचीही अब्रू राखणारी वाक्यरचना सापडली. दोन्ही देशांतून ते निवेदन एकाच वेळी जाहीर झाले. जपानसारख्या मित्रालाही अगदी ऐनवेळी कळवले, आणि तो अपमान जपानी कित्येक वर्षे विसरले नाहीत. आधी वाच्यता झाली असती तर तैवानच्या पाठीराख्यांनी वॉशिंग्टनमध्ये रान उठवले असते.

इथवर तक्रार नाही. तक्रार आहे ती या अळीमिळी गुपचिळीचे बिल कोणाच्या नावावर फाटले, याबद्दल. 25 मार्चच्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या ढाक्यात याह्यांच्या लष्कराने कत्तल सुरू केली. 6 एप्रिलला तिथल्या अमेरिकी वकिलातीतल्या वीस जणांनी आपल्याच सरकारच्या मौनाविरुद्ध तार पाठवली. वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी तिला पाठिंबा दिला, आणि पुढे त्यांचीच बदली झाली. एप्रिलअखेरच्या एका टिपणावर निक्सन यांनी स्वतःच्या हाताने लिहिले की याह्यांवर सध्या दबाव आणू नका. त्यातल्या नकाराखाली तीन रेघा ओढल्या. जुलैपर्यंत भारतात साठ लाखांच्या आसपास निर्वासित आले होते.

‘वेळ नाजूक आहे’ ही सबब सरकारांची आवडती. ती खरी की सोयीची, हे ओळखायचे तर नाजूक वेळ टळल्यावर सरकार बोलते का, ते पाहावे. इथे तर आधीही दुसरा रस्ता होता. रुमानियामार्फत निरोप जातच होते. 15 जुलैनंतर झाकायचे काही उरले नाही, आणि चीनशी संपर्क पॅरिसमधून थेट होऊ लागला. निरोप्याची नोकरी संपली. ढाक्याविषयीचे मौन मात्र संपले नाही. म्हणजे निम्मे मौन कामाचे होते आणि निम्मे पाकिस्तानकडच्या कलाचे, असे मी म्हणेन.

दिल्लीनेही तेव्हा वेळ साधलीच होती. 31 मार्चला संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंब्याचा ठराव केला, 17 एप्रिलला बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला, विरोधक ‘मान्यता द्या’ म्हणून कानीकपाळी ओरडत होते. तरी इंदिरा गांधींनी मान्यता दिली ती 6 डिसेंबरला, युद्धाला तोंड फुटल्यावर. पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला आपण काय देत होतो, याबद्दलही दिल्लीचे तोंड मिटलेलेच होते. त्यामुळे आपण फार सोवळे मिरवू नये. पण मान्यता रोखून धरली तरी अत्याचारांची वाच्यता रोखली नव्हती. जयप्रकाश नारायण जगभरच्या राजधान्या पालथ्या घालत होते. ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, तोही उघड. कोणता शब्द राखून ठेवायचा आणि कोणता लगेच उच्चारायचा, याची निवड तिथे केलेली दिसते. वॉशिंग्टनने सगळेच एका कुलपात घातले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंदिराजी व्हाइट हाउसला गेल्या. हिरवळीवरच्या स्वागताच्या भाषणात निक्सन यांनी भारतावर कोसळलेल्या नैसर्गिक आपत्तीबद्दल सहानुभूती व्यक्त केली. निर्वासितांचा उल्लेख टाळला. उत्तराला उभ्या राहिलेल्या इंदिराजींनी निसर्गाच्या कोपाची यादी वाचली आणि तिच्यात माणसाने घडवलेल्या एका प्रचंड शोकांतिकेची भर घातली.