कळा माझ्या, मत कुणाचं?

मला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे शिरवळला. कळा सुरू झाल्यावर एपिड्युरल घ्यावं का, असा विषय घरात काढला तर आत्या म्हणाली, "आम्ही नाही का सोसलं? सोसल्याशिवाय आई होता येत नाही."

आमच्याच गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय अडली की शेपटीच्या मुळाशी लिग्नोकेन देतात. तेही एपिड्युरलच, आणि पशुवैद्यकात अगदी नेहमीचं. तिथे हेतू फक्त वेदना कमी करण्याचा नसतो. गायीचं कुंथणं थांबलं की अडकलेलं वासरू नीट फिरवता येतं. पण 'सोसलं नाहीस तर वासराची माया लागणार नाही', असं गायीला कुणी ऐकवत नाही.

बाईला ऐकवतात, आणि ते फक्त आपल्याकडेच नाही. 1847 साली एडिंबरात जेम्स सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा धर्माच्या नावाने घेतलेल्या आक्षेपांना त्यांना पुस्तिका लिहून उत्तर द्यावं लागलं. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने तोच क्लोरोफॉर्म घेतला. तिला 'सोस' म्हणणार कोण?

एपिड्युरल ही काही जादू नाही. रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, बाळ बाहेर यायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. शिवाय भूलतज्ज्ञ हजर लागतो. लहान गावांत तो बऱ्याचदा सिझेरियनपुरताच बोलावतात. कळा अनुभवायच्याच आहेत असं एखादीने ठरवलं, तर तेही तितकंच योग्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत एपिड्युरल आहे, तसं मालिशही आहे. दोन्ही बाईच्या पसंतीवर.

आत्याचा राग मला कळतो. तिच्यापुढे पर्यायच नव्हता. मग त्या दुखण्याला अर्थ देणं एवढंच तिच्या हातात उरलं. आता मी ते टाळलं, तर आपलं सोसणं फुकट गेलं असं तिला वाटत असेल. पण माझं दुखणं कमी झालं म्हणून तिचं धैर्य कमी होत नाही. धैर्याचा मान ठेवावा. त्याची सक्ती करू नये.

गायीला विचारता येत नाही. मला येतं.

म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारणार आहे: रात्री-अपरात्री भूलतज्ज्ञ मिळेल का? आत्यालाही सांगितलंय, कंबर चोळायला तूच हवीस. ऐन कळांत माझं मत बदलेलही. बदललं तर तेही माझंच असेल.