सव्वाचार इंच

ही गोष्ट इंग्लंडातली. साल १७७१, सप्टेंबर महिना. थेम्स नदीकाठच्या एका कुरणावर चर्ट्सी आणि हॅम्बल्डन या दोन गावांचा क्रिकेटचा सामना लागला होता.

तेव्हा दांड्या दोनच असत. चेंडू कमरेखालून टाकायचे. बॅट किती रुंद असावी, याचा नियम नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती.

चर्ट्सीकडून एक बाहेरगावचा फलंदाज खेळायला आला. त्याची बॅट पाहून लोक आधी हसले. मग त्याने ती दांड्यांपुढे टेकवली आणि हसू थांबलं. बॅट विकेटएवढीच रुंद होती. मागच्या दांड्या दिसेनाशा झाल्या.

हॅम्बल्डनचा गोलंदाज चांगला वेगवान होता. त्याने एक चेंडू डाव्या दांडीवर टाकला. ठक्. एक उजव्या दांडीवर टाकला. ठक्. फलंदाजाला बॅट हलवावीसुद्धा लागेना. आतून कडी लावलेल्या दारावर कुणी खडे मारत बसावं, तसं ते चाललं होतं.

"ही कसली बॅट?" हॅम्बल्डनवाल्यांनी विचारलं.

"कुठल्या नियमात बसत नाही ते दाखवा," फलंदाज म्हणाला.

दाखवायला नियमच नव्हता. खेळ पुढे चालू राहिला.

आणि सामना जिंकला हॅम्बल्डननेच. अवघ्या एका धावेने.

खरं तर गोष्ट इथे संपायची. जिंकलेला कशाला तक्रार करत बसेल? पण हॅम्बल्डनचे तिघे जण एकत्र बसले. एक कप्तान, एक तो गोलंदाज आणि तिसरा मूळचा जोडे शिवणारा. हा तिसरा पुढे चेंडू शिवायला आणि बॅटी घडवायला लागला होता. (बोलणी माझ्या पदरची, गोष्ट खरी.)

कप्तान बॅटवाल्याला म्हणाला, "तू तर याहून रुंद बॅट घडवशील. पुढच्या खेपेला आपणही तसल्याच आणू. दोन्हीकडे सारख्या झाल्या की भांडण मिटलं."

"घडवीन की," बॅटवाला म्हणाला. "लाकूड आहे, रंधा आहे. मग ते याहून रुंद आणतील. मग मी त्याहून रुंद करून देईन. माझं दुकान जोरात चालेल."

"मग अडलं कुठे?"

बॅटवाल्याने गोलंदाजाकडे बोट दाखवलं. "बॅटी दोन्हीकडे सारख्या होतील. पण याने काय करायचं? याने कितीही नेम धरून टाकला, तरी चेंडू लाकडालाच लागणार. तो फलंदाज आज चांगला खेळला की त्याचा सुतार, हे सांग बघू मला."

कप्तान गप्प झाला. गोलंदाज तर केव्हाचा गप्प होता. तो आपली सुजलेली बोटं चोळत बसला होता.

२५ सप्टेंबरला त्यांनी कागदावर लिहून काढलं, की यापुढे बॅटची रुंदी सव्वाचार इंच. खाली तिघांनी सह्या केल्या. त्यांत बॅट विकून पोट भरणाऱ्याचीही सही होती. मला या गोष्टीतली ती सही सर्वांत मोलाची वाटते.

नुसत्या कागदाने भागत नाही, हेही त्यांना ठाऊक असावं. हॅम्बल्डनच्या क्लबाने एक लोखंडी चौकट करून घेतली. बॅट तिच्यातून पार गेली तर खेळायचं. अडली तर तासून आणायची.

तीन वर्षांनी ही रुंदी खेळाच्या नियमांत आली. पुढे तिसरी दांडी आली. चेंडू खांद्यावरून पडू लागला. बॅटी रुंदीत अडल्या, तशा जाडीत फुगू लागल्या. मग २०१७ मध्ये जाडीलाही वेसण घातली गेली. कड ४० मिलिमीटर आणि पोट ६७ मिलिमीटर, याच्यापुढे नाही. २०२५ च्या आयपीएलमध्ये तर फलंदाज मैदानात उतरला, की पंच साचा काढून त्याची बॅट त्यातून सरकवून बघत. कुणाचीही असो, कितीही महागाची असो.

रुंदी मात्र आजही तीच आहे, सव्वाचार इंच. आणि ती हरलेल्यांनी मागितली नव्हती. जिंकलेल्यांनी मागितली होती.