रोज्याआधीची देणी

रमजानची तयारी म्हणजे नुसती खजूर, शेवया आणि दळण नव्हे, हे मला दादीमुळं कळलं. शाबान महिना लागला की आजारपणात चुकलेले मागच्या सालचे रोजे ती आधी धरून घ्यायची. मग डाळी निवडायची, चुलीमागची भिंत पोतारायची. आणि मग गावातली देणी मिटवायला निघायची. खुरपणीच्या बायांची राहिलेली मजुरी, दुकानातली उधारी. जिच्याशी वर्षभर अबोला, त्या जावेच्या दारात जाऊन "बोललंचाललं माफ कर गं" म्हणायची.

मी विचारलं, "दादी, अल्ला माफ करणाराच आहे, मग दारोदार कशाला?"

ती म्हणाली, "रोजा चुकला तर ते अल्लाचं देणं, तो सोडंल. बाईची मजुरी बुडवली तर ती तिनंच सोडाय पायजे. तिच्या वाटची माफी अल्ला कशी देईल?"

मौलवी याला हुकूकुल इबाद म्हणतात. माणसांचे माणसांवरचे हक्क.

चंद्राचं साल दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. थंडीतला रोजा सोपा, वैशाखातला जीव काढणारा. जावेचा उंबरा मात्र बारा महिने तेवढाच उंच.

रोजेदाराची भूक मगरिबच्या बांगेला संपते. जिची मजुरी अडवली, तिच्या घरातल्या भुकेला अशी वेळ ठरलेली नसते. म्हणून चंद्र दिसायच्या आधी तिचे पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत.